प्रवासास निघण्यापूर्वी : शेतकऱ्याचे चार प्रवास व त्यांची तयारी

शेतकरी हा जमिनीशी बांधलेला मनुष्य आहे असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. तथापि वर्षाच्या बारा महिन्यांचा हिशेब मांडला, तर हाच शेतकरी कित्येक दिवस घराबाहेर असतो असे आढळून येईल. ज्येष्ठ-आषाढात तो पंढरीची वाट चालतो. सुगी आटोपली की बैलजोडी घेण्यासाठी अथवा विकण्यासाठी दूरच्या बाजारास जातो. कोरडवाहू भागातील असंख्य कुटुंबे दसऱ्यानंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात. आणि गावातील होतकरू मंडळी एखादे संशोधन केंद्र पाहण्यासाठी अभ्याससहलीस जातात.

नोकरदार मनुष्य प्रवासास निघतो तेव्हा दारास कुलूप लावले की त्याची मागची चिंता बहुतांशी संपते. शेतकऱ्याचे तसे नाही. पिकाची वाढ थांबत नाही, गोठ्यातील जनावरास दोन वेळा चारापाणी लागतेच, आणि पाऊस कोणाच्या परतण्याची वाट पाहत नाही. यास्तव शेतकऱ्याच्या प्रवासाची तयारी पिशवी भरण्यापासून सुरू न होता शेत व गोठा यांपासून सुरू व्हावयास पाहिजे.

प्रवास कोणताही असो, निघण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे तयार असावीत. पहिला, मागे काय राहते? दुसरा, बरोबर काय न्यावयाचे? आणि तिसरा, परत येताना आपल्याबरोबर काय येणार? यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचा विचार सर्वजण करतात. नुकसान होते ते बहुधा पहिला आणि तिसरा प्रश्न विसरल्यामुळे. या पाठात चार प्रकारच्या प्रवासांचा याच तीन प्रश्नांच्या आधारे विचार केला आहे.

मागील कामाचा कागद

चारही प्रवासांना समान अशी एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांतून शेतीची सर्व माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते. कोणत्या वावरात कोणते बियाणे टाकावयाचे, खताची पोती कोठे ठेवली आहेत, गाय केव्हा भरवली, सोसायटीचा हप्ता केव्हा भरावयाचा, हे सारे त्यालाच ठाऊक असते. तो प्रवासास गेला की ही माहितीही त्याच्याबरोबर जाते, आणि घरी राहिलेली पत्नी, वृद्ध आई-वडील अथवा शाळकरी मुलगा यांस अडचणीच्या वेळी काहीच सुचत नाही. मोबाइलमुळे आता बोलणे होऊ शकते हे खरे; परंतु वारीच्या गर्दीत अथवा उसाच्या फडात फोन लागेलच, असा भरवसा धरून चालू नये.

म्हणून निघण्यापूर्वी एक साधा कागद लिहून तो घरातील भिंतीस लावावा. त्यात पुढील पाच बाबी असाव्यात :

(१) प्रत्येक वावरात घ्यावयाचे पीक, बियाण्याचे व खताचे प्रमाण आणि ते ठेवल्याची जागा.

(२) गाभण जनावरांच्या विण्याच्या तारखा. गाय भरवल्यापासून सुमारे २८० दिवसांनी व म्हैस सुमारे ३१० दिवसांनी विते. यावरून तारीख काढता येते.

(३) पीकविमा, कर्जाचा हप्ता, वीजबिल इत्यादींच्या शेवटच्या तारखा आणि ७/१२ उतारा, बँकेचे पुस्तक वगैरे कागद ठेवल्याची जागा.

(४) अडीअडचणीस धावून येणाऱ्या शेजाऱ्याचा, पशुवैद्यकीय दवाखान्याचा व कृषी कार्यकर्त्याचा दूरध्वनी क्रमांक. रुग्णवाहिकेसाठी १०८ व जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हे क्रमांकही लिहून ठेवावेत.

(५) कीटकनाशकांच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ आहे ते. ही औषधे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी कुलपातच असावीत.

हा कागद लिहून झाल्यावर तो घरी राहणाऱ्या व्यक्तीस एकदा वाचून दाखवावा आणि तिच्याबरोबर वावरात एक फेरी मारावी. कागदावरील शब्द व जमिनीवरील बांध यांची सांगड अशा फेरीनेच बसते. वाचता न येणाऱ्यांसाठी पोत्यांवर वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधून खूण करावी.

पहिला प्रवास : पायी वारी

आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी साधारणपणे अठरा दिवसांत चालून जाते. हा काळ म्हणजे खरीप पेरणीचाच काळ होय. शिवाय वारीचा मुहूर्त तिथीवर ठरतो, आणि अधिक मासामुळे इंग्रजी तारीख पुढे-मागे होते. २०२३ मध्ये आळंदीहून प्रस्थान ११ जूनला झाले. २०२४ मध्ये ते २९ जूनला, तर २०२५ मध्ये १९ जूनला झाले. म्हणजे एका वर्षी मृगाच्या प्रारंभीच घर सोडावे लागते, तर दुसऱ्या वर्षी पेरणी उरकून निघण्यास अवधी मिळतो. वारकऱ्याने पंचांग हाती येताच प्रस्थानाची तारीख पाहून त्या वर्षीची आखणी करावी.

२०२३ चे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस रेंगाळला. मुंबईस तो २५ जूनला पोहोचला आणि राज्याच्या मोठ्या भागात पेरणीजोगी ओल जूनच्या अखेरीस अथवा त्यानंतर झाली. आषाढी एकादशी २९ जूनला होती. जे शेतकरी पेरणीची व्यवस्था न लावता निघाले होते, त्यांच्या पेरणीचा नेमका समय वाटेवर असताना अथवा परतण्याच्या गडबडीत येऊन ठेपला. याउलट, निघण्याच्या घाईत कोरड्यात अथवा पहिल्या सरीवर पेरून जाणे हेही घातक होय. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल झाल्याशिवाय पेरणी करू नये, या सल्ल्यास वारीचा अपवाद नाही. अपुऱ्या ओलीवर टाकलेले बी उगवून करपले, तर बियाणे, खत व मजुरी यांचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

मग करावे काय? पेरणी दुसऱ्याच्या हातून होणार असे गृहीत धरून सर्व तयारी पुरी करून निघावे. जमिनीची मशागत, शेणखत पसरणे व बांधबंदिस्ती मे महिन्यातच उरकावी. घरचे सोयाबीनचे बियाणे असल्यास त्याची उगवण तपासावी. ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून गुंडाळी करावी व ओल टिकवावी. सुमारे आठवड्यात ७० दाणे चांगले उगवले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरे होते. उगवण त्याहून कमी असेल, तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे व तो आकडा भिंतीवरील कागदावर लिहावा.

बीजप्रक्रियेत एक भेद ध्यानात असावा. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी करून बियाणे ठेवता येते. परंतु रायझोबियमसारख्या जिवाणू संवर्धनाची प्रक्रिया पेरणीच्या दिवशीच करून, बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावयाचे असते. कारण हे जिवाणू सजीव असतात व उष्णतेने मरतात. सबब संवर्धनाची पाकिटे घरातील थंड, सावलीच्या जागी ठेवावीत आणि ती लावण्याची रीत पेरणाऱ्यास आधी दाखवून ठेवावी. प्रक्रिया केलेले बियाणे खाण्यात अथवा जनावरांच्या दाणावैरणीत जाणार नाही, अशी खूण पोत्यावर अवश्य करावी.

पाऊस लांबलाच तर काय पेरावयाचे, हेही आधी ठरवावे. मूग व उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर पेरू नयेत. सोयाबीनची पेरणी १५ जुलैपर्यंत आटोपावी. त्यानंतर बाजरी, तूर अथवा सूर्यफूल यांचा विचार करावा लागतो. हा निर्णय घेण्याचा अधिकार घरी राहणाऱ्यास निःसंदिग्धपणे देऊन जावे. "मी येईपर्यंत थांबा" या एका वाक्यापायी वाफसा निघून जातो. शेजारच्या दोन-तीन घरांनी सावड करून एकमेकांचे पेरणीचे दिवस वाटून घेतले, तर वारकऱ्यासही निश्चिंत मनाने चालता येते.

आता बरोबर न्यावयाच्या वस्तू. दिंडीचे मोठे सामान ट्रकमधून पुढे जाते व मुक्कामीच हाती येते; म्हणून दिवसभरात लागणाऱ्या वस्तू खांद्यावरील लहान पिशवीतच असाव्यात. त्या अशा : पाण्याची बाटली, पावसापासून बचावासाठी प्लॅस्टिकचा कागद, कोरडे धडुते, नित्याची औषधे, जलसंजीवनीची पाकिटे, थोडी शिदोरी, आणि नाव, गाव, दिंडी क्रमांक व घरचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी. ही चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अंगावरील कपड्याच्या खिशात ठेवावी. रक्तदाब अथवा मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन निदान २५ दिवस पुरेल एवढे औषध बरोबर घ्यावे.

नवी चप्पल वारीत प्रथमच घालू नये. निदान पंधरा दिवस आधी ती वापरून मऊ करावी. त्याच पंधरवड्यात रोज पाच-सहा किलोमीटर चालण्याचा सराव ठेवावा. पुणे ते सासवड हा मोठा टप्पा दिवे घाटाच्या चढणीसह एका दिवसात चालावा लागतो व तो प्रारंभीच येतो, हे वयस्करांनी विसरू नये. मधुमेह असणाऱ्यांनी रोज रात्री तळपाय तपासावेत. त्यांना जखमेची वेदना लवकर जाणवत नाही.

पाणी उकळलेले अथवा क्लोरीनने शुद्ध केलेलेच प्यावे. जुलाब सुरू झाल्यास वेळ न दवडता जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट-घोट पाजावे. चमचा चहाचा, लहान असावा. विजांचा कडकडाट सुरू झाल्यास एकट्या झाडाखाली उभे राहू नये. पक्क्या इमारतीत आश्रय घ्यावा. विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे ॲप दिंडीतील एखाद्या तरुणाच्या मोबाइलमध्ये असावे.

दुसरा प्रवास : जनावरांसह बाजारास

माळेगावची अथवा खरसुंडीची यात्रा असो, की आठवड्याचा बैलबाजार असो, जनावरासह होणाऱ्या प्रवासात दोन जिवांची तयारी करावयाची असते, आणि त्यांपैकी एकास आपले दुःख सांगता येत नाही.

निघण्यापूर्वी लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या व लम्पी चर्मरोग यांपैकी वेळेनुसार लागू असलेल्या लसी टोचून घ्याव्यात. लस टोचल्यानंतर अंगी प्रतिकारशक्ती येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशी टोचलेली लस त्या बाजारात उपयोगी पडत नाही. जनावराच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला आहे याची खात्री करावी. पशुवैद्यकाकडून जनावर निरोगी व प्रवासास योग्य असल्याचा दाखला घ्यावा, आणि तो व मालकीचा कागद बरोबर ठेवावा.

पायी नेताना २००१ च्या केंद्रीय नियमांतील काही मर्यादा ठाऊक असाव्यात. हे नियम ५ किलोमीटर अथवा त्याहून अधिक अंतरास लागू होतात. गाई-बैलांस दिवसातून ८ तासांत ३० किलोमीटरहून अधिक व म्हशींस २५ किलोमीटरहून अधिक चालवू नये. दर दोन तासांनी पाणी व दर चार तासांनी चारा द्यावा. सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर चालवू नये. लंगडे, आजारी, विण्यास टेकलेले अथवा विऊन ७२ तास न झालेले जनावर पायी नेऊ नये. हे नियम केवळ कायद्याच्या धाकाने पाळावयाचे नाहीत. थकलेले, घशाला कोरड पडलेले जनावर बाजारात मान टाकून उभे राहते, आणि व्यापारी त्याची किंमत तेथेच उतरवतो. डांबरी रस्त्याने लांब जावयाचे असल्यास बैलांस आठवडाभर आधी नाल ठोकून घ्यावेत, म्हणजे एखादा खिळा खोल गेला असल्यास तो घरीच लक्षात येतो.

गाडी जुंपून जावयाचे असेल, तर १९६५ च्या नियमांनुसार बैलांकडून दिवसात एकूण ९ तासांहून अधिक अथवा विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. आणि तापमान ३७ अंश सेल्सियसहून अधिक असेल, तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात बैल जुंपता येत नाहीत. निघण्यापूर्वी आख, धाव, जू व शिवळा तपासून वंगण घालावे. गाडीच्या मागील बाजूस लाल परावर्तक पट्टी अवश्य लावावी. अंधारात मागून भरधाव येणाऱ्या वाहनास बैलगाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही; थोड्या पैशांच्या या पट्टीने माणसे व बैल दोहोंचे प्राण वाचतात.

वाहनातून नेताना दाटीवाटी करू नये. मालवाहू वाहनात सहाहून अधिक मोठी जनावरे नेण्यास १९७८ च्या नियमांनी मनाई आहे, आणि प्रत्येक मोठ्या जनावरास निदान २ चौरस मीटर जागा मिळाली पाहिजे. जागा कमी पडली की एखादे जनावर खाली बसते, आणि मग त्यास उठता येत नाही. इतरांच्या पायांखाली ते चेंगरते. तळास वाळू व त्यावर पेंढ्याचा चार बोटे जाड थर द्यावा, म्हणजे खूर घसरत नाहीत. चढविण्यापूर्वी कोरडा चारा व भरपूर पाणी द्यावे. हिरवा लुसलुशीत चारा पोटभर घातल्यास शेण पातळ होऊन तळ निसरडा होतो. दोर एका हिसक्यास सुटेल अशा गाठीने बांधावा, गळ्यास आवळणारा फास ठेवू नये. चढण्या-उतरण्यासाठी उतरती फळी अथवा मातीचा धक्का असावा. उडी मारावयास लावल्यास पाय मोडण्याचा संभव असतो. निघाल्यावर अर्ध्या तासाने वाहन थांबवून एकवार पाहणी करावी. अखेरच्या महिन्यांतील गाभण व नुकतीच व्यालेली जनावरे शक्यतो नेऊच नयेत. प्रवासाच्या ताणाने त्यांच्या रक्तातील चुन्याचे प्रमाण एकदम घटून ती कोसळण्याची भीती असते.

आता तिसरा प्रश्न, परत काय येते? बाजारातून नवी गाय येते, तसा तिच्याबरोबर रोगही येऊ शकतो. लाळ्या-खुरकूत झालेल्या जनावराच्या लाळेने दूषित झालेले दावे, बादली, इतकेच नव्हे तर आपली वहाणही रोग गोठ्यात आणते. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, हे सर्वांच्या स्मरणात असेलच. म्हणून नवे जनावर आणल्यावर तीन ते चार आठवडे मूळ गोठ्यापासून दूर बांधावे. त्याची बादली व गव्हाण वेगळी ठेवावी. घरच्या जनावरांची सर्व कामे आटोपल्यावर मगच नव्याकडे जावे व नंतर हातपाय साबणाने धुवावेत. ताप, लाळ, अंगावरील गाठी, घशाची सूज अथवा लंगडणे यांपैकी काही दिसल्यास तत्काळ पशुवैद्यकास कळवावे. दुभती गाय अथवा म्हैस घ्यावयाची असेल, तर सांसर्गिक गर्भपाताची तपासणी करून घ्यावी. हा रोग माणसांसही होतो. पहिल्या दिवशी थोडे-थोडे पाणी व कोरडा चारा द्यावा. आंबोण दुसऱ्या दिवसापासून हळूहळू वाढवावे.

विकण्यास नेलेले जनावर न विकता परत आणले, तरी हेच सर्व नियम लागू पडतात. त्याने बाजारात इतर शेकडो जनावरांशी संपर्क केलेला असतो. जुनेच आहे म्हणून थेट गोठ्यात बांधणे धोक्याचे होय.

तिसरा प्रवास : ऊसतोडीचे स्थलांतर

बीड, अहिल्यानगर व आसपासच्या अवर्षणप्रवण भागांतून ऊसतोडीसाठी निघणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हा प्रवास सुमारे सहा महिन्यांचा होय. येथे घराचा मोठा भाग बरोबर जातो व मागे राहतात ते वृद्ध, काही मुले आणि रब्बीचे रान.

रब्बी ज्वारीची पेरणी साधारणपणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात होते. म्हणजे बहुतेकांस ती उरकून निघणे शक्य असते. मागे राहणाऱ्या वृद्धांस झेपेल असेच पीक घ्यावे. फवारणी व पाणी यांची वारंवार गरज असलेले पीक लावून जाणे हिताचे नाही. पेरणीनंतरच्या कोळपण्या कोण करणार व कोणत्या मोबदल्यात, हे चार माणसांसमोर ठरवून कागदावर लिहावे.

मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची रक्कम, तारीख व ती फिटण्याचा हिशेब दोघांच्या सहीने लिहून घ्यावा व त्याची एक प्रत घरी ठेवावी. शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर न्यावे. शिधापत्रिकेवरील धान्य आता दुसऱ्या जिल्ह्यातील दुकानातूनही मिळू शकते. गरोदर स्त्रीने माता-बाल संरक्षण कार्ड व लहान मुलांची लसीकरणाची नोंद बरोबर घ्यावी, आणि फडावर पोहोचताच जवळच्या आरोग्य उपकेंद्रात नाव नोंदवावे. प्रसूतीची तारीख हंगामात येत असल्यास तिला कोणाजवळ व कोणत्या दवाखान्याच्या टप्प्यात ठेवावयाचे, हे घर सोडण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

शाळकरी मुलांविषयी विशेष सांगावेसे वाटते. मूल बरोबर नेले की त्याची शाळा निम्म्या वर्षापुरती सुटते, आणि एकदा सुटलेली शाळा पुन्हा धरणे कठीण जाते. अशा मुलांस गावातच ठेवता यावे म्हणून शाळांतून हंगामी वसतिगृहे चालविली जातात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने सप्टेंबरमध्येच स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी मुख्याध्यापकांकडे द्यावी. कुटुंबे गेल्यानंतर केलेल्या यादीचा उपयोग नसतो.

बैलांच्या बाबतीत फडावरील मोठा प्रश्न चाऱ्याचा असतो. तेथे उसाचे वाढे मुबलक व विनासायास मिळते. म्हणून सहा महिने बैल केवळ त्यावरच जगविले जातात. वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते. ते शरीरातील चुन्यास बांधून टाकते, त्यामुळे चुन्याची कमतरता होऊन हाडे कमजोर होतात व जनावर खंगते. यावर उपाय सोपा आहे. शक्य तेव्हा वाढ्याबरोबर कडबा अथवा दुसरा कोरडा चारा मिसळावा, आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने क्षारमिश्रण व चुन्याची निवळी द्यावी. घरून निघताना गाडीत चार-सहा महिन्यांचे क्षारमिश्रण घालून नेणे हे बैलाच्या तब्येतीचा विमा उतरविण्यासारखेच होय. बैलांचा खरा विमाही उतरवून घ्यावा व त्याचे कागद जपून ठेवावेत.

चौथा प्रवास : अभ्याससहल

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे, सोलापूरचे डाळिंब संशोधन केंद्र, राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय, अथवा पाणलोटाच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले हिवरे बाजार, ही स्थळे पाहण्यासाठी गावोगावचे गट जात असतात. काही गट तेथून गावाचे भाग्य पालटणारी एखादी गोष्ट घेऊन येतात, तर काही केवळ छायाचित्रे घेऊन परततात. हा फरक बहुधा निघण्यापूर्वीच्या आठवड्यातच पडलेला असतो.

सहलीस जाण्यापूर्वी गटाची एक बैठक घ्यावी. "आमची अडचण कोणती?" हा एकच प्रश्न त्या बैठकीत असावा. कांदा साठवणीत सडतो, डाळिंबावर डाग पडतात, विहीर फेब्रुवारीत आटते, अशा नेमक्या अडचणी निघाल्या, म्हणजे स्थळ कोणते व हंगाम कोणता हे आपोआप ठरते. कांद्याचे पीक पाहावयाचे असल्यास ते रानात उभे असताना जावे. साठवण पाहावयाची असल्यास काढणीनंतर जावे. संबंधित केंद्रास आधी पत्र पाठवून तारीख निश्चित करावी व आपले प्रश्नही त्या पत्रात लिहावेत.

बरोबर माती व पाणी तपासणीचे अहवाल, रोगट पानाची स्पष्ट छायाचित्रे, वही व पेन्सिल न्यावी. रोगट झाडाचे भाग परवानगीवाचून नेऊ नयेत. प्रत्येक प्रयोगाविषयी चार गोष्टी विचाराव्यात : एकरी खर्च किती, पाणी किती लागते, मजूर केव्हा व किती लागतात, आणि कोणत्या जमिनीत हा प्रयोग फसतो. शेवटचा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. त्याच्या उत्तरातच आपल्या उपयोगाचे पुष्कळ असते. गटात निदान निम्म्या स्त्रिया असाव्यात. निंदणी, बियाण्याची निवड, साठवण व जनावरांची देखभाल ही कामे ज्यांच्या हातून होतात, त्यांनीच नवी रीत डोळ्यांनी पाहणे अधिक फलदायी होय.

परत येताना रोपे, कंद अथवा बेणे आणण्याचा मोह फार होतो. येथे सावध राहावे. डाळिंबावरील तेल्या रोग दूषित रोपांबरोबर एका भागातून दुसऱ्या भागात जातो. केळीच्या कंदांबरोबर विषाणुजन्य रोग येतात. गाजरगवताचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी देशात आले, असे मानले जाते. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. म्हणून रोपे नोंदणीकृत रोपवाटिकेतून पावतीसह घ्यावीत, आणि प्रथम थोडीच लावून एक हंगाम पाहावीत. निघण्यापूर्वी चपलांची माती व कपड्यांस चिकटलेली कुसळे झाडून टाकावीत.

गावी आल्यावर आठ दिवसांच्या आत चावडीवर अथवा समाजमंदिरात बैठक घेऊन पाहिलेले सांगावे. प्रत्येकाने एकच गोष्ट निवडून ती आपल्या शेताच्या लहान तुकड्यावर, सुमारे पाच गुंठ्यांत, करून पाहावी. आठ दिवस उलटले की वहीतील नोंदी वाचणाऱ्यालाच उमगेनाशा होतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील प्रवासांचे एक वार्षिक टिपण तयार करावे. एप्रिलमध्ये वारीस जाणाऱ्यांची यादी करून त्यांच्या पेरणीची व्यवस्था विचारावी. मेमध्ये बियाण्याच्या उगवण चाचणीचे प्रात्यक्षिक घ्यावे. सप्टेंबरमध्ये स्थलांतर करणारी कुटुंबे, त्यांची मुले, गरोदर स्त्रिया व बैल यांची नोंद करून शाळा, आरोग्य उपकेंद्र व पशुवैद्यकीय दवाखाना यांस कळवावे. मोठ्या यात्रेपूर्वी एक महिना जनावरांच्या लसीकरणाचा दिवस ठरवून घ्यावा. घरातील कर्ता पुरुष बाहेरगावी असताना त्या घरी एक फेरी मारणे, हेही याच कामात मोडते. "भिंतीवर कागद आहे का?" एवढे विचारले तरी पुष्कळ गोष्टी ध्यानात येतात.

मागचे काम ज्याने नीट लावून दिले, त्याची पावले वाटेवर हलकी पडतात. घरी राहिलेल्यांसही आपल्यावर विश्वास टाकला गेला याचे समाधान वाटते व ती कामे नेटाने पार पडतात. शेतकरी बंधु-भगिनींनी पुढील प्रवासाचा दिवस ठरताच प्रथम एक कोरा कागद घ्यावा, घरातील सर्वांना जवळ बसवावे आणि वर सांगितलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे त्यावर लिहून काढावीत.